ओल दिसली, पण पाइप कुठाय?

तुम्ही हे चित्र कधी ना कधी पाहिलंय. काळ्या पार्श्वभूमीवर एक पांढुरका उंदीर पालथा पडलाय आणि त्याच्या कुशीत एका जागी निळा, मग पिवळा, मधोमध लालभडक असा डाग आहे. बाजूला रंगपट्टी. मथळ्यात ‘नॅनो’, ‘कॅन्सर’ आणि ‘चमकणारे कण’. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी ते टाकतं, खाली चार जणांचे हात जोडलेले इमोजी येतात, आणि मग तुम्हाला वेगळा मेसेज येतो: तू तिकडं रिसर्चमध्येच आहेस ना, हे खरं आहे का?

मला तो मेसेज मावसभावानं पाठवला होता. मावशीच्या गालाला आतून फोड आला होता, दोन महिने झाले तरी बरा होईना, आणि बायोप्सीचा रिपोर्ट नको तोच आला. मावशी चाळीस वर्षं मिश्री लावते. (आमच्याकडं, कराडच्या बाजूला, मिश्रीला कुणी तंबाखू म्हणत नाही. ती दात घासायची पूड असते.) भावानं पाठवलेली बातमी २०१७ सालची होती आणि तिच्यात गावाचं नाव होतं पिस्कॅटवे, न्यू जर्सी. म्हणजे मी राहतो तेच. "हे तर तुझ्याच गावातलं निघालं," त्यानं लिहिलं. "आईला मिळेल का?"

मी अकरा ओळींचं उत्तर पाठवलं. त्यात ‘प्रीक्लिनिकल’ दोनदा आणि ‘उंदीर’ चार वेळा. त्याच्याकडून अंगठा आला. त्यानंतर काही नाही.

उत्तर चूक नव्हतं, पण त्याच्या काही कामाचं नव्हतं. "उंदरांत चालतं, माणसांत अजून माहीत नाही" हे वाक्य आपण सगळेच फेकतो, तुम्हीही फेकलं असेल. ते बोललं की चित्र नीट वाचायचं टळतं. पॉडकास्टमध्ये या विषयावर बोलताना आम्हीही तेच केलं, म्हणून आता लिहून बघतो: त्या डागात नेमकं काय दिसतं, काय दिसत नाही, आणि पिस्कॅटवेतल्या ज्या कामावर ती बातमी होती त्याला कोणते प्रश्न विचारायला हवेत.

आधी पाइप. गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढं वाढायची तर तिला स्वतःचा रक्तपुरवठा लागतो, हे ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडलं. १९८३ मध्ये डॉनल्ड सेंगर, हॅरल्ड ड्वोराक आणि सहकाऱ्यांना गाठी सोडत असलेलं एक प्रथिन सापडलं, ज्याच्यामुळं रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. पुढं कळलं की नव्या रक्तवाहिन्या उगवायला लावणारं प्रथिनही तेच आहे. आज आपण त्याला व्हीईजीएफ म्हणतो. म्हणजे पाइप टाकणारा आणि पाइप गळवणारा कंत्राटदार एकच. पुण्याच्या कडेला झपाट्यानं वाढलेली एखादी वस्ती डोळ्यांसमोर आणा. आधी इमारती, मग घाईत टाकलेल्या लाइनी, कुठं जोड नीट नाही, कुठं एकच पाइप गोल फिरून स्वतःलाच येऊन मिळालाय, आणि ड्रेनेजचा पत्ता नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या साधारण अशाच असतात.

ड्रेनेजचा मुद्दा महत्त्वाचा आहे. १९८६ साली यासुहिरो मात्सुमुरा आणि हिरोशी माएदा यांनी दाखवलं की मोठे रेणू गाठीत झिरपतात, आणि तिथली निचरा करणारी लसिकेची व्यवस्था नीट चालत नसल्यानं तिथंच साठून राहतात. गळती अधिक तुंबणं. नॅनोकणांच्या संशोधनानं पुढची तीसेक वर्षं या दोन शब्दांवर काढली. कण शिरेतून सोडा, निरोगी जागी तो वाहिनीतच राहील, गाठीपाशी बाहेर पडेल आणि अडकेल. त्यात औषध भरलं तर उपचार, चमकणारं काही भरलं तर चित्र.

आता भिंतीवरची ओल आठवा. पावसाळ्यात घराच्या भिंतीवर डाग उमटतो. त्यावरून आत कुठंतरी पाणी मुरतंय एवढं कळतं. पाइप कुठून जातो, किती जाड आहे, त्यातून पाणी किती वेगानं वाहतंय, यातलं काही कळत नाही. उंदराच्या कुशीतला तो लाल डाग म्हणजे ओल. बातमीत, आणि कधीकधी पेपरांच्या प्रस्तावनेतही, तो ‘गाठीतल्या रक्तवाहिन्यांचं चित्र’ म्हणून खपतो.

खरोखर पाइपचं चित्र काढायचं तर ते इंजेक्शननंतर लगेच काढावं लागतं, कण अजून रक्तातच असताना. मौंगी बावेंडी (हो, २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले) यांच्या गटानं २०१७ साली क्वांटम डॉट वापरून उंदराच्या मेंदूतल्या वाहिन्यांमध्ये रक्त कुठं किती वेगानं वाहतंय याचे नकाशे काढले. ते पाइपचं चित्र. सोनोग्राफीतले सूक्ष्म बुडबुडे याच कामाचे, कारण ते नॅनोकणांपेक्षा कितीतरी मोठे, मायक्रॉनच्या मापाचे असतात आणि वाहिनीबाहेर पडूच शकत नाहीत. वाहिनी दाखवायची तर कण आत राहिला पाहिजे. गाठ उजळायची तर तो बाहेर पडला पाहिजे. पहिल्या मिनिटाचं चित्र आणि दुसऱ्या दिवशीचं चित्र या दोन वेगळ्या गोष्टींची उत्तरं आहेत. तेव्हा असा पेपर हातात आला की मी आधी चित्राखालच्या ओळीत वेळ शोधतो. पाच मिनिटं की चोवीस तास? तुम्हीही शोधा. कित्येकदा ती मुख्य मजकुरात नसते, पुरवणीत जाऊन शोधावी लागते.

पिस्कॅटवेतलं काम दुसऱ्या दिवशीच्या जातीचं. तेव्हा रटगर्सच्या बायोमेडिकल इंजिनिअरिंग विभागात असलेले प्रभास मोघे (आडनाव वाचून कान टवकारले असतील, माझेही टवकारले होते), मटेरियल सायन्समधले रिचर्ड रीमन आणि त्यांचे सहकारी यांचे दोन पेपर इथं महत्त्वाचे. पहिला २०१३ चा, ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये. त्यात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचे कण आहेत. यटर्बियम ९८० नॅनोमीटरचा अदृश्य प्रकाश शोषतं, ती ऊर्जा शेजारच्या अर्बियमला देतं, आणि अर्बियम साधारण १५२५ नॅनोमीटरचा, त्याहून लांब लहरीचा प्रकाश सोडतं. एवढी लांब लहर कशाला? कारण मांसातून जाताना प्रकाश विखुरतो. मोबाइलच्या टॉर्चवर तळहात ठेवून बघा, लाल उजेड पसरलेला दिसतो, हाडं दिसत नाहीत. लहर लांब असेल तसं हे विखुरणं कमी होतं आणि चित्राच्या कडा टिकतात. हे कण त्यांनी माणसाच्या रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनात गुंडाळले. नुसता खनिजाचा कण रक्तात सोडण्यापेक्षा हा अंगरखा घातलेला कण शरीरात नीट फिरला आणि गाठीत जास्त साठला. पेपरनं हे गाठीतल्या वाढीव संचयाच्या भाषेतच मांडलंय. ओलीला ओल म्हटलंय, त्याबद्दल तक्रार नाही.

दुसरा पेपर २०१७ चा, ‘नेचर बायोमेडिकल इंजिनिअरिंग’मधला. भावाची बातमी त्याचीच. हे काम जास्त धीट आहे. माणसाच्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी उंदरात वाढवल्या, कॅन्सर पसरू दिला, आणि अल्ब्युमिनमधल्या त्याच कणांवर कॅन्सरपेशींच्या एका खुणेला चिकटणारा रेणू लावला. पसरलेल्या बारीक गाठी तिसऱ्या आठवड्यात ॲड्रिनल ग्रंथीत आणि पाचव्या आठवड्यात हाडात दिसल्या, आणि त्या वेळी कॉन्ट्रास्ट देऊन केलेल्या एमआरआयमध्ये त्या दिसत नव्हत्या. त्याच उंदरावर आठवड्यामागून आठवडे नजर ठेवता आली. मला हे काम मनापासून आवडतं. नॅनोकणांच्या पुष्कळ पेपरांत कुशीत टोचून वाढवलेली एक ढोबळ गाठ असते. उंदीर २० ग्रॅमचा आणि गाठ अर्ध्या ग्रॅमची, म्हणजे शरीराच्या अडीच टक्के. साठ किलोच्या माणसात त्या हिशेबानं दीड किलोची गाठ होईल, ती शोधायला नॅनोकण कशाला हवेत? रटगर्सच्या गटानं तो सोपा पेपर टाळला आणि लहान, लपलेल्या, पसरलेल्या गाठींच्या मागं गेले.

मग आक्षेप कुठं आहे? एमआरआयशी केलेल्या तुलनेत. ती उंदरात खरी आहे, पण तिचं यश उंदराच्या जाडीवर उभं आहे. उंदराची ॲड्रिनल ग्रंथी कातडीपासून सेंटिमीटरभरसुद्धा लांब नसते. तुमची-माझी ॲड्रिनल मूत्रपिंडाच्या डोक्यावर, पोटाच्या मागच्या बाजूला, चरबी आणि स्नायूंच्या बऱ्याच सेंटिमीटरांखाली बसलेली असते. १५२५ नॅनोमीटरचा प्रकाश विखुरतो कमी, पण पाणी तो शोषतं, आणि आपण बहुतांशी पाणीच आहोत. एमआरआयला या खोलीचं काही वाटत नाही. त्यामुळं "एमआरआयपेक्षा आधी दिसलं" हे वाक्य उंदरावरून माणसावर आणताना औषधाच्या डोससारखं वजनाच्या हिशेबात वाढवून चालत नाही. प्रश्न भूमितीचा आहे. कण दहापट उजळ केला तरी ही भिंत तिथंच राहते. बातमी लिहिणाऱ्यानं हे एका वाक्यात सांगायला हवं होतं आणि वाचणाऱ्या आपण ते विचारायला हवं होतं. माझ्या अकरा ओळींत खोलीबद्दल चकार शब्द नव्हता.

दुसरी गोष्ट, उरलेले कण जातात कुठं? टोरांटोतल्या वॉरन चॅन यांच्या गटानं दहा वर्षांतले ११७ पेपर चाळून २०१६ साली एक आकडा काढला: इंजेक्शनमधल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण, मध्यक ०.७ टक्के. हजारात सात. बाकीच्यांचा मोठा हिस्सा लिव्हर आणि प्लीहा गिळतात. या आकड्यानं औषधवाल्यांच्या क्षेत्रात खळबळ उडाली, आणि ते योग्यच होतं. पण चित्रवाल्यांनी त्यावर रडायची गरज नाही, हे फारसं कुणी बोलत नाही. औषधासाठी हजारात सात ही नामुष्की आहे. चित्राला एवढंच पुरतं की ती जागा आजूबाजूपेक्षा उजळ असावी. पंचाईत होते ती लिव्हरजवळ, कारण तिथं शेजारीच दिवाळी असते.

ही पंचाईत उलटी वापरून एक कॉन्ट्रास्ट खरोखर बाजारात आलं होतं. फेरिडेक्स, लोखंडाच्या ऑक्साइडचे नॅनोकण, अमेरिकेत १९९६ साली मंजूर. निरोगी लिव्हर ते कण गिळून एमआरआयमध्ये काळं पडायचं, गाठीला गिळता येत नसल्यानं ती तेवढी उजळ उरायची. गळतीची गरज नाही, तुंबण्याची नाही. २००८ च्या सुमारास ते बंद झालं. नॅनोकणांच्या कौतुकाच्या लेखांत त्याचं नाव क्वचितच येतं, कारण त्यात चमकणारं काही नव्हतं.

रंगांबद्दल एक कबुली द्यायला हवी. आधीच्या एका लॅबमध्ये (कुठल्या ते सोडा) माझ्याकडं अशा चित्रांचं काम होतं. रंगपट्टीचं खालचं टोक कुठं ठेवायचं हे मी ठरवायचो. ते थोडं वर सरकवलं की लिव्हरभोवतीचा धूसर उजेड नाहीसा होतो आणि गाठ एकटी तळपते. यात खोटं काही नाही, आकडे तेच असतात. मी ते सरकवलं, सगळ्यांना चित्र आवडलं, मलाही आवडलं. तेव्हापासून रंगपट्टीचं खालचं टोक शून्यावर नसलं की मी थांबतो. उंदराचं लिव्हर चित्राच्या चौकटीतच नसेल तर जास्तच.

आणि २०२० साली ओलीच्या कारणावरच वाद उभा राहिला. चॅन यांच्याच गटानं गाठीतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तपासल्या. ज्या फटींमधून कण गळतात असं पाठ्यपुस्तकांत काढलेलं असतं, त्या फटी फारच विरळ निघाल्या. त्यांच्या हिशेबानं ९७ टक्क्यांपर्यंत कण भिंतीच्या पेशी स्वतः उचलून पलीकडं टाकतात. म्हणजे पाइपला तडे कमीच, पाइपच पाणी उचलून भिंतीत ओततोय. सगळ्यांना हे पटलेलं नाही. गाठींचे प्रकार वेगळे, कणांचे आकार वेगळे, वाद चालू आहे. पण चित्र वाचणाऱ्यासाठी अर्थ बदलतो. डाग जास्त लाल म्हणजे वाहिनी जास्त फाटकी, असं आता सरळ म्हणता येत नाही. कदाचित तिथल्या पेशी जास्त कामसू असतील. गाठीच्या वाहिन्यांची ‘अवस्था’ दाखवतो म्हणणाऱ्या प्रत्येक नॅनोकणाच्या पेपरला २०२० नंतर हा प्रश्न विचारायला हवा.

माणसांत काय दिसतं? माहिती थोडी आहे पण आहे, आणि "माणसांत माहीत नाही" म्हणताना मी तिच्याकडं काणाडोळा केला होता. लंडनमधल्या केविन हॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली १७ रुग्णांना किरणोत्सारी खूण लावलेले लायपोसोम, म्हणजे चरबीचे नॅनोफुगे, टोचून स्कॅन केले. १५ जणांच्या गाठी दिसल्या. पण कुणाच्या किती, यात जमीन-अस्मानाचा फरक. डोकं आणि मानेच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त साठा, फुप्फुसात मधला, स्तनाच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात कमी. वजनाच्या हिशेबात डोकं-मानेच्या जवळपास सहावा हिस्सा. रुग्ण मोजके होते हे खरं, पण आकडे बोलके आहेत.

आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. पिस्कॅटवेतला उंदीर स्तनाच्या कॅन्सरचा होता. आणि तोंडाचा कॅन्सर, जो गुटखा, तंबाखू आणि मिश्रीमुळं आपल्याकडं घरोघरी ऐकू येतो, तो डोकं-मानेच्या गटात येतो. जिथं गाठ कण उत्तम घेते, जिथं ती कातडीपासून फार खोल नाही, म्हणजे प्रकाशाची भिंत आड येत नाही, तिथं हे तंत्र आधी लावून बघायला नको का? माझी मुख्य टीका ही आहे. मॉडेल चुकीचं निवडलं असं मी म्हणत नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी सहज मिळतात, त्या कशा पसरतात हे माहीत आहे, अमेरिकेत त्याला पैसा मिळतो. पण संशोधनाचा पत्ता पैसा कुठं आहे त्यावरून ठरतो, आणि कराडच्या ग्रुपवर पोचेपर्यंत तो पत्ता पुसला जातो.

याच १००० नॅनोमीटरपलीकडच्या खिडकीतून माणसाच्या ऑपरेशनमध्ये आधी डोकावलं कोण? नवा नॅनोकण नव्हे. इंडोसायनिन ग्रीन नावाचा हिरवा रंग, कोडॅकच्या फोटोच्या रसायनांमधून आलेला, अमेरिकेत १९५९ साली औषध म्हणून मंजूर झालेला. तो मुख्यतः ८०० नॅनोमीटरच्या आसपास चमकतो, पण त्याच्या उजेडाचं शेपूट हजारापलीकडं जातं, हे बऱ्याच उशिरा कुणाच्या तरी लक्षात आलं. २०२० साली चीनमधल्या गटानं २३ रुग्णांच्या लिव्हरच्या गाठी काढताना ते शेपूट वापरल्याचं प्रसिद्ध केलं. गंमत म्हणजे हा रंग रक्तात गेल्या गेल्या अल्ब्युमिनलाच चिकटतो. पिस्कॅटवेत कणाला जो अंगरखा शिवून घालावा लागला, तो याला शरीरातच आयता मिळतो. तेव्हा २०१३ चा पेपर खिडकीबद्दल बरोबर होता. कणाबद्दल तेवढं म्हणता येत नाही.

कण मागं का पडतो त्याचं एक कारण साधं आहे: तो शरीरातून बाहेर कसा जाणार? साडेपाच नॅनोमीटरपेक्षा मोठा कण मूत्रपिंडातून गाळून जात नाही, हे २००७ पासून माहीत आहे. मोठा कण लिव्हरमध्ये बसतो, आणि खनिज असेल तर लवकर विरघळतही नाही. दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या बाबतीत एफडीएला आणि डॉक्टरांना एक जुनी आठवणही आहे. एमआरआयचं नेहमीचं कॉन्ट्रास्ट गॅडोलिनियम हे त्याच कुटुंबातलं. १९८८ पासून वापरात, लाखो लोकांना दिलेलं, सुरक्षित मानलेलं. २००६ मध्ये मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांच्या कातडीचा एक भयंकर आजार त्याच्याशी जोडला गेला. २०१४ मध्ये जपानी डॉक्टरांनी दाखवलं की वारंवार घेतलेल्यांच्या मेंदूत त्याच्या खुणा उरतात. आणि गॅडोलिनियम तर रेणूच्या पिंजऱ्यात बसून बहुतांश लघवीतून निघून जातं. निरोगी माणसांत तपासणी म्हणून एखादा कण टोचायचा असेल तर त्याला याहून कडक परीक्षा द्यावी लागेल.

नॅनोकणांचं चित्र माणसात कशासाठी उपयोगी पडेल याचं मला पटलेलं एक उदाहरण देतो. फेरुमॉक्सिटॉल हे लोखंडाचे नॅनोकण, २००९ साली अमेरिकेत मंजूर झाले ते किडनीच्या रुग्णांच्या रक्तक्षयासाठी. रेडिओलॉजिस्टनी ते एमआरआयसाठी वापरायला घेतले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात पंधराएक रुग्णांना आधी हे देऊन स्कॅन केलं आणि मग लायपोसोममधलं कॅन्सरचं औषध दिलं. ज्या गाठींनी लोखंड जास्त घेतलं होतं त्या औषधानं जास्त आक्रसल्या. एवढ्याशा संख्येवर इमले बांधू नयेत, पण प्रश्न बरोबर विचारलाय. "नॅनोकण गाठीत जातात का?" याला एक उत्तर नाहीच. या बाईच्या, या गाठीत जातात का, हे आधी बघा आणि मग महागडं औषध द्या. इथं ओल दिसली तरी पुरते, पाइप दिसायची गरज नाही.

आता मावशी. भावाला मी पुन्हा फोन केला, मेसेज नाही. पहिलं वाक्य: नाही, हे मिळणार नाही, आणि मिळालं असतं तरी आईच्या गालातली गाठ शोधायला ते नको होतं. ती डॉक्टरांना टॉर्चच्या उजेडात दिसतेय. न दिसणारी गोष्ट वेगळी आहे, ती मानेत आहे. डॉक्टर मानेबद्दल काय म्हणाले ते विचार.

ते त्यानं विचारलं, आणि उत्तर आलं की गालासोबत मानेतल्या लसिका ग्रंथीही काढणार. मान तपासून, सोनोग्राफी करून काही लागलं नव्हतं, मग का? कारण मुंबईतच ठरलेलं आहे. टाटा मेमोरियलच्या अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. तोंडाचा सुरुवातीचा कॅन्सर, मानेत काही लागत नाही, असे ५०० रुग्ण. निम्म्यांच्या मानेतल्या ग्रंथी लगेच काढल्या, निम्म्यांच्या बाबतीत वाट पाहिली. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के जिवंत, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. जगभरच्या सर्जननी पद्धत बदलली. पण त्याच चाचणीत लगेच काढलेल्या ग्रंथी तपासल्या तेव्हा कॅन्सर सुमारे ३० टक्क्यांमध्येच सापडला. उरलेल्या ७० जणांची मान उघडली ती आपल्याला आत पाहता येत नाही म्हणून.

नॅनोकणांचं चित्र काढणाऱ्यांनी आपापल्या लॅबच्या भिंतीवर चिकटवावा असा हा आकडा आहे. इथं डाव खोलीचा नाही, ग्रंथी मानेतच आहेत. गळतीचाही नाही, कारण ग्रंथींकडं लसिकेच्या वाटेनं जाता येतं. २०१४ साली अमेरिकेत तोंडाच्या कॅन्सरमध्ये पहिली ग्रंथी हुडकायला मंजूर झालेलं टिल्मानोसेप्ट हे सात-एक नॅनोमीटरचं द्रव्य गाठीशेजारीच टोचतात आणि ते त्या वाटेनं जातं. ते ग्रंथी कुठली ते सांगतं. तिच्यात कॅन्सर आहे का हे सांगत नाही, त्यासाठी ती काढूनच बघावी लागते. कॅन्सरपेशीच्या खुणेला चिकटणारा, अर्बियमसारखा स्पष्ट चमकणारा कण २०१७ च्या पेपरात होताच. तो ॲड्रिनलकडं गेला.

मावशीचं ऑपरेशन झालं. रिपोर्ट भावानं फोटो काढून पाठवला. एकूण ३४ ग्रंथी काढल्या, एकातही कॅन्सर नाही. ग्रुपवर पेढ्यांचे फोटो. दोन दिवसांनी त्याचा वेगळा मेसेज: "एकातही नव्हता तर काढल्या कशाला?" यावेळी मी त्याला ते ८० आणि ६७.५ चे आकडे सांगितले, ७० चाही सांगितला, आणि तो बराच वेळ गप्प होता.

मानेच्या ऑपरेशनमध्ये खांद्याकडं जाणारी एक नस ताणली जाते. मावशीचा डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. फिजिओथेरपीवाली मुलगी रोज भिंतीवर बोटं चढवायला लावते, आणि भावानं अंगणातली कपड्यांची दोरी हातभर खाली बांधलीय.